ओठ पुढे, आवाज मागे : व्हिडिओचं सिंक बिघडलं तर आधी काय तपासायचं?



समजा, तुम्ही घरगुती लोणच्याच्या जाहिरातीसाठी एक छोटा व्हिडिओ केलाय. कढईत तेल तापलंय, मोहरी पडली, उडताना छान दिसतेय. पण तिचा तडतड आवाज येतो तेव्हा तुमचा हात हिंगाच्या डबीकडे गेलेला असतो. बघणाऱ्या माणसाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. त्याला फक्त काहीतरी खोटं वाटतं, आणि तो अंगठ्याने पुढे सरकतो. बीबीएला आम्हाला मार्केटिंगचे चार ‘पी’ पाठ करायला लावले होते, पण ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर गिऱ्हाईक जातं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

या विषयावर चॅनेलवर व्हिडिओ केला आहे, पण त्यात आकडे आणि पायऱ्या घाईत सांगाव्या लागतात. म्हणून इथे सावकाश लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बहुतेक लोक आवाज जुळत नाही म्हटल्यावर लगेच टाइमलाइनवर आवाजाची पट्टी ओढायला लागतात. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. अर्धा दिवस जातो. सुरुवात जुळते तर शेवट बिघडतो, शेवट जुळवला तर सुरुवात बिघडते. याचं कारण साधं आहे. सिंकचे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं आहे. कुठला आजार आहे हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आधी द्या.

किती फरक चालतो?

टीव्ही प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदांनाच बघणाऱ्याला जाणवायला लागतं. आवाज चित्राच्या नंतर आला तर मात्र साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

हा फरक दोन्ही बाजूंनी सारखा का नाही? कारण आपल्या डोळ्या-कानांना आवाज मागून येण्याची जन्मापासून सवय आहे. गणपतीच्या मिरवणुकीत लांबून ढोलपथक बघा. टिपरू ढोलावर पडलेलं आधी दिसतं, ठोका नंतर ऐकू येतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या ढोलाचा ठोका पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरा पोचतो. ते आपल्याला विचित्र वाटत नाही. पण टिपरू पडायच्या आधी ठोका ऐकू आला तर? तसं निसर्गात कधीच होत नाही, म्हणून मेंदू लगेच अडखळतो.

यातून कामाची एक गोष्ट मिळते. जुळवताना शंका वाटली तर आवाज एखादी फ्रेम मागे राहू द्या, पुढे नको. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, २५ फ्रेमच्या व्हिडिओत ४० मिलिसेकंद. म्हणजे एका फ्रेमपर्यंत अचूक जुळवलं तरी पुरे. त्याहून बारीक काम सिनेमावाल्यांना करू द्या.

आजार खरंच आहे का?

हसू नका. माझ्याकडे सिंक बिघडलं म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा व्हिडिओ धडधाकट असतो. बिघडलेलं असतं ते ऐकण्याचं साधन.

तुम्ही ब्लूटूथ इअरबड घालून एडिटिंग करत असाल, तर आवाज फोनमधून निघून कानात पोचेपर्यंत सहज १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. व्हिडिओ दाखवणारी अनेक अॅप्स हा उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतात. त्यामुळे सिनेमा बघताना काही कळत नाही. एडिटिंगचं प्रत्येक अॅप ही सोय करत नाही. मग तुम्ही काय करता? नसलेला फरक ‘दुरुस्त’ करता, आवाज पुढे ओढता, आणि नीट असलेला व्हिडिओ सगळ्या जगासाठी बिघडवून ठेवता. वरून आवाज चित्राच्या आधी, म्हणजे जास्त खटकणाऱ्या बाजूला!

तेव्हा एडिटिंग करताना वायरचा इअरफोन वापरा, नाहीतर फोनचा किंवा लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर.

दुसरी फसगत म्हणजे प्रीव्ह्यू. जुना लॅपटॉप किंवा कमी मेमरीचा फोन असेल तर एडिटिंगच्या पडद्यावर चित्र अडखळत चालतं आणि आवाज पुढे पळतो. हे मशीन दमल्याचं लक्षण आहे, व्हिडिओ बिघडल्याचं नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा एक्सपोर्ट करून बघा. एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्ये सगळं नीट असेल तर कशालाही हात लावू नका.

एकच प्रश्न : फरक कायम आहे की वाढतोय?

आता वायरच्या इअरफोनवर, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्येही आवाज जुळत नाही असं धरू. तीन ठिकाणी बघा : पहिलं मिनिट, मधलं मिनिट आणि शेवटचं मिनिट. जिथे ओठ स्पष्ट दिसतात किंवा काहीतरी आपटतं, ती जागा निवडा. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ पूर्ण मिटतात, म्हणून ‘पापड’, ‘बाबा’, ‘मसाला’ असे शब्द शोधले तर फरक पटकन दिसतो. पापडवाल्यांचं काम सोपं आहे!

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल, तर आवाज फक्त सरकलेला आहे. हा पहिला आजार. सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे फरक वाढत गेला असेल, तर आवाज आणि चित्र यांची लांबीच वेगळी झाली आहे. हा दुसरा आजार. पहिल्याला सरकवायचं. दुसऱ्याला कितीही सरकवलं तरी उपयोग नाही.

फरक कायम असेल तर

हे सोपं प्रकरण आहे. आवाज किती सरकलाय ते मोजायचं आणि तेवढा उलट सरकवायचा.

मोजण्यासाठी कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर वापरा, फुकट आहे. विंडोजवर व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं ‘के’ बटण दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, ‘जे’ दाबलं की ५० मिलिसेकंद पुढे येतो. पडद्यावर आकडाही दिसतो. ओठ जुळेपर्यंत दाबत राहा. समजा, ‘जे’ चार वेळा दाबल्यावर जुळलं, तर आवाज २०० मिलिसेकंद मागे होता. ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे सहा फ्रेम झाले. आता एडिटिंग अॅपमध्ये आवाज चित्रापासून वेगळा करा. काइनमास्टरसारख्या अॅपमध्ये क्लिप निवडली की ‘एक्स्ट्रॅक्ट ऑडिओ’ असा पर्याय मिळतो. वेगळी झालेली पट्टी सहा फ्रेम अलीकडे घ्या आणि मूळ क्लिपचा आवाज बंद करा. व्हीएलसीतला बदल फक्त बघण्यापुरता असतो, फाइलमध्ये तो सेव्ह होत नाही, हे लक्षात ठेवा.

असा कायम फरक बहुतेक वेळा ब्लूटूथ माइकमुळे येतो. कानात घालायचे इअरबड माइक म्हणून वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उशीर तर होतोच, शिवाय आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा येतो. वायरचा साधा कॉलर माइक त्याहून कितीतरी बरा. टाइप-सी रिसीव्हर फोनला लावायचे जे वायरलेस कॉलर माइक मिळतात, त्यांचं तंत्र वेगळं असतं आणि उशीर अगदी थोडा असतो. ते चालतील.

जे ओबीएसवर स्क्रीन रेकॉर्ड करून टॅली किंवा एक्सेल शिकवतात, त्यांच्याकडे वेबकॅमचं चित्र उशिरा येतं आणि आवाज आधी. त्यांनी ओबीएसच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिंक ऑफसेट’ या रकान्यात माइकसमोर मोजलेला आकडा टाकावा. आकडा मिलिसेकंदात असतो आणि साधा आकडा टाकला की आवाज तेवढा मागे जातो. एकदा बसवलं की पुढच्या रेकॉर्डिंगला डोकेदुखी नाही.

फरक वाढत असेल तर

आता खरा त्रासदायक आजार. इथे लोक पैसे घालवतात.

आमच्या एका बॅचमधल्या ताई शिवणक्लास चालवतात. त्यांनी ब्लाउज कटिंगचा ऑनलाइन कोर्स रेकॉर्ड केला. ११ धडे, प्रत्येक धडा साधारण ३५ मिनिटांचा. १९ जणींकडून फी आगाऊ घेतलेली, सुरुवातीची तारीखही सांगून झालेली. एडिटिंग झाल्यावर बघतात तर ६ धडे उत्तम आणि ५ धड्यांत शेवटी शेवटी ताई कात्री टेबलावर ठेवतात आणि कापड कापल्याचा आवाज अजून चालूच! एडिटिंग करणाऱ्याने सरळ सांगितलं, पाचही धडे पुन्हा शूट करा. आता बोलण्याचा धडा असता तर एक वेळ ठीक. पण कटिंगचा धडा पुन्हा शूट करायचा म्हणजे प्रत्येक वेळी नवा ब्लाउज पीस, नवं अस्तर आणि संध्याकाळच्या पाच बॅचेसना सुट्टी.

ताईंना मी दोन प्रश्न विचारले. पहिला, मूळ फाइल फोनच्या गॅलरीत लावली तर आवाज जुळतो का? जुळत होता. दुसरा, बिघडलेले पाच धडे कधी शूट केले? पाचही संध्याकाळी, क्लास सुटल्यावर, एका ट्यूबच्या उजेडात. नीट असलेले सहा दुपारी, खिडकीजवळ.

इथेच निदान झालं. ते समजून घ्या, कारण आपल्यापैकी बहुतेक जण दुकान बंद झाल्यावरच शूट करतो.

व्हिडिओ म्हणजे पटापट काढलेले फोटो. तुम्ही सेटिंगमध्ये ३० फ्रेम ठेवलं म्हणजे फोन सेकंदाला ३० फोटो काढणार, असं आपण धरून चालतो. फोन तसं काटेकोरपणे करत नाही. उजेड कमी पडला की प्रत्येक फोटोला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून तो फोटोंची संख्याच कमी करतो. कधी ३०, कधी २८, कधी २४. फोन तापला किंवा मागे दुसरं काम चालू असलं तरी असं होऊ शकतं. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, म्हणजे बदलता वेग. हा फोनचा दोष नाही. अंधारात चित्र बरं यावं म्हणून केलेली तडजोड आहे. आयफोनमध्ये तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ नावाने ती उघडच दिलेली आहे.

मग गॅलरीत सगळं नीट कसं दिसतं? कारण प्रत्येक फोटोसोबत तो कुठल्या क्षणी दाखवायचा याची वेळ लिहिलेली असते. रांगेतल्या टोकनसारखी. गॅलरी टोकन बघून फोटो दाखवते. काही एडिटिंग अॅप्स मात्र टोकनकडे बघतच नाहीत. ती सगळे फोटो एकापाठोपाठ सारख्या अंतरावर लावतात.

हिशेब करून बघू. १० मिनिटांत ३० च्या वेगाने १८,००० फोटो व्हायला हवे. उजेड कमी म्हणून फोनने १७,९४० काढले. फक्त ६० कमी. पण हे फोटो सेकंदाला ३० प्रमाणे लावले की चित्र संपतं ५९८ सेकंदांत. आवाज मात्र पूर्ण ६०० सेकंदांचा आहे. म्हणजे दहाव्या मिनिटाला आवाज दोन सेकंद मागे. ताईंच्या कात्रीचं हेच झालं होतं.

यात अजून एक गोम आहे. हा फरक सरळ रेषेत वाढत नाही. ताई ट्यूबखाली असताना कमी वाढतो, कापडावर वाकल्या आणि सावली पडली की जास्त वाढतो. म्हणून आवाजाची पट्टी थोडी ताणून किंवा आवळून हा आजार बरा होत नाही. टोकन असलेली मूळ फाइल घेऊन ती ठरावीक वेगाच्या फाइलमध्ये बदलावी लागते, तीही एडिटिंगच्या आधी.

त्यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर आहे. फुकट, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. फोनमधली मूळ फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या. हँडब्रेकमध्ये उघडा. ‘व्हिडिओ’ या टॅबमध्ये ‘फ्रेमरेट’समोर ३० निवडा आणि त्याच्या खाली ‘पीक फ्रेमरेट’ असेल तिथे ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करा. हा एक टिक विसरलात तर सगळी मेहनत वाया, कारण नेहमीच्या तयार सेटिंगमध्ये ‘पीक’च निवडलेलं असतं. क्वालिटीचा आकडा १८ ते २० च्या आसपास ठेवा. आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मग ‘स्टार्ट’. लांब व्हिडिओला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. हँडब्रेक टोकन वाचतो, जिथे फोटो कमी आहेत तिथे आधीचाच फोटो पुन्हा लावतो, आणि चित्राची लांबी आवाजाइतकी होते. आता ही नवी फाइल एडिटिंगला घ्या.

तुमची फाइल बदलत्या वेगाची आहे का हे आधीच बघायचं असेल, तर मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसलं की समजा. फोनच्या बहुतेक फाइल व्हेरिएबलच असतात, त्यामुळे तो शब्द बघून घाबरू नका. भरपूर उजेडात शूट केलेल्या फाइलमध्ये चढउतार इतका कमी असतो की त्रास होत नाही.

ताईंच्या पाचपैकी चार धड्यांच्या मूळ फाइल फोनमध्ये होत्या. त्या एका रात्रीत सरळ झाल्या. पाचवी फोनमधून उडवलेली होती, जागा नाही म्हणून. उरली होती ती एडिट होऊन आलेली फाइल. ती हँडब्रेकमध्ये टाकून काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं. एकदा चुकीच्या अंतराने फोटो लावून एक्सपोर्ट झाला की मूळ टोकन गेले. तो धडा वेगळ्या रस्त्याने वाचवला.

कापा, सरकवा, झाका

मूळ फाइल नसेल किंवा तुमच्याकडे कॉम्प्युटरच नसेल, तर हा रस्ता. कष्टाचा आहे, पण फोनवर होतो.

आवाज वेगळा काढा. मग व्हिडिओत दर दोन-तीन मिनिटांनी जिथे तुम्ही श्वास घ्यायला थांबलात ती जागा शोधा. तिथे आवाजाची पट्टी कापा आणि पुढचा तुकडा ओठांशी जुळेल इतका सरकवा. प्रत्येक तुकड्यात फरक वाढायला फार वेळच मिळत नाही, त्यामुळे तो जाणवण्याइतका होत नाही. फरक झपाट्याने वाढत असेल तर तुकडे छोटे करा, दर तीस सेकंदांनी कापा. ताईंच्या ३५ मिनिटांना पन्नासेक काप द्यावे लागले.

आवाज मागे पडत असेल तर पुढचा तुकडा अलीकडे आणावा लागतो आणि मधली शांतता आवळली जाते. थांबण्याची जागा नीट निवडली असेल तर कोणाला कळत नाही. जिथे जागाच मिळत नाही तिथे सांध्यावर दुसरं चित्र ठेवा : कापडावरची खडूची रेघ, मोजपट्टी, तयार ब्लाउजचा फोटो. ज्या चित्रात ओठ दिसत नाहीत आणि काही आपटत नाही, तिथे सिंक हा प्रश्नच उरत नाही.

आणि यावरून एक धंद्याचं बोलतो. दोन-तीन मिनिटांच्या वस्तूच्या व्हिडिओत तुमचा चेहरा सतत हवाच असा नियम नाही. हात दाखवा, माल दाखवा, आवाज नंतर शांतपणे रेकॉर्ड करून वर लावा. कॅमेऱ्यासमोर अडखळणाऱ्यांना तर हे वरदान आहे. मात्र शिकवण्याच्या व्हिडिओत चेहरा हवा. पैसे भरून बसलेल्या माणसाला शिकवणारा दिसला पाहिजे.

चित्र एका फोनवर, आवाज दुसऱ्यावर

बरेच जण एका फोनवर चित्र घेतात आणि कॉलर माइक दुसऱ्या फोनला लावून तो खिशात ठेवतात. पद्धत चांगली आहे, आवाज स्वच्छ येतो. फक्त रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. दोन्ही तळवे चित्रात स्पष्ट दिसले पाहिजेत. सिनेमाच्या शूटिंगला पाटी आपटतात ती यासाठीच. दोन लाकडं टेकलेली फ्रेम आणि ‘टक’ असा आवाज, दोन्ही एकाच क्षणाचे. आपली टाळी तेच काम करते.

एडिटिंगमध्ये टाइमलाइन मोठी करा. आवाजाच्या आलेखात टाळीची एक उंच उभी रेघ दिसेल. चित्रात तळवे भिडलेली फ्रेम शोधा. रेघ त्या फ्रेमवर आणा. झालं. कॅमेऱ्याच्या फोनचा स्वतःचा आवाज मात्र शूटिंगच्या वेळी बंद करू नका. त्यातही टाळी ऐकू येते आणि दोन रेघा एकाखाली एक ठेवणं सर्वात सोपं. जुळल्यावर मग तो आवाज म्यूट करा. नाहीतर दोन आवाज मिळून रिकाम्या डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं. कॉम्प्युटरवर दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत दोन्ही फाइल निवडून ‘ऑटो सिंक ऑडिओ’मध्ये ‘वेव्हफॉर्म’चा पर्याय दिला की हे काम ते स्वतःच करतं. त्यालाही कॅमेऱ्याचा आवाज लागतोच.

रेकॉर्डिंग लांब असेल तर शेवटी दुसरी टाळी वाजवा. दोन फोनची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. तासाभरात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग फरक पडू शकतो. समजा, दोन टाळ्यांमधलं अंतर चित्रात १८०० सेकंद आहे आणि आवाजात १८००.४. हा फरक घड्याळाचा आहे, म्हणून तो एकसारखा वाढतो, आणि इथे ताणणं-आवळणं चालतं. ऑडॅसिटीत पहिल्या टाळीपासून दुसऱ्या टाळीपर्यंतचा आवाज निवडा, ‘चेंज टेम्पो’ उघडा आणि लांबीच्या रकान्यात १८०० लिहा. वेग बदलतो, आवाजाची पट्टी बदलत नाही. आधी चित्राची फाइल हँडब्रेकमधून काढून घ्या, नाहीतर दोन आजार एकत्र येतील आणि कुठल्याचा फरक कुठला ते कळणार नाही.

कधी कधी फरक फारच झपाट्याने वाढतो आणि बोलणाऱ्याचा आवाजही जाड किंवा चिरका होतो. तिथे गोंधळ सॅम्पल रेटचा असतो. गाण्याच्या सीडीचा ठरलेला दर ४४.१ किलोहर्ट्झ, व्हिडिओचा ४८. एकाची फाइल दुसऱ्याच्या दराने वाजली तर १० मिनिटांचा आवाज जवळजवळ १० मिनिटं ५३ सेकंदांचा होतो. आजकालची अॅप्स हे स्वतःच सांभाळतात, पण रेकॉर्डर अॅप, ओबीएस आणि एडिटिंग, तिन्हीकडे ४८ ठेवलंत तर विषयच संपला.

पुढच्या शूटिंगच्या आधी

नवा फोन किंवा महागडा माइक घेण्याआधी उजेड वाढवा. दोन एलईडी ट्यूब तुमच्या समोर, थोड्या बाजूंना लावल्या तर फोन फोटो कमी करत नाही आणि सिंक मुळातच बिघडत नाही. चेहराही बरा दिसतो, ते वेगळंच. आयफोन असेल तर ‘ऑटो एफपीएस’ बंद करा. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारख्या अॅपमध्ये फ्रेम रेट ठरवून देता येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ३० फ्रेमवर काही दिवे लुकलुकताना दिसतात. तसं होत असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० करून बघा. पण मग हँडब्रेक आणि एडिटिंग दोन्हीकडे २५ च ठेवा, मध्येच ३० करू नका.

३५ मिनिटं सलग शूट करू नका. पाच-सात मिनिटांचे तुकडे घ्या, प्रत्येकाच्या सुरुवातीला टाळी. फरक वाढायला वेळच मिळत नाही, आणि चूक झाली तर एकच तुकडा पुन्हा घ्यावा लागतो, एकच ब्लाउज पीस जातो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे मध्येच सासूबाईंचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. एडिटरला फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या व्हिडिओसारखी पाठवली की व्हॉट्सअॅप ती दाबून नव्याने बनवतं, आणि पोचते ती मूळ फाइल नसते.

अपलोड करताना व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ ठेवा. दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, वायरचा इअरफोन लावून पहिलं, मधलं आणि शेवटचं मिनिट बघा. तिन्ही जुळले की मगच सगळ्यांसाठी खुला करा. आणि मूळ फाइल फोनमधून उडवायच्या आधी पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर काढून ठेवा. कोर्सच्या फाइल असतील तर शेवटच्या विद्यार्थ्याचा कोर्स संपेपर्यंत त्या तिथेच राहू द्या.